हरायची बारी

नाव: डॉ. श्यामकांत वालावलकर.

आमच्या नाहूरला त्यांना एवढ्या लांब नावाने कुणी हाक मारत नसे. नुसतं 'डॉक्टर'.

वय: गेल्या महिन्यात गेले तेव्हा सदुसष्ट. आमच्या भजन मंडळात धरलं तर नऊ. एकोणऐंशी साली घाटकोपरच्या दवाखान्यातून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच संध्याकाळी आमच्या तालमीला येऊन म्हणाले, "मला काहीही वाजवायला द्या."

व्यवसाय: झांज.

इथे 'वैद्यकीय' लिहायला हवं, मला कळतं. पण डॉक्टर स्वतःच असं लिहीत नसत, आणि त्यामुळेच एकदा सगळा घोळ झाला. तोच सांगतो. केसपेपरचे रकाने मी त्यांच्याच दवाखान्याचे घेतलेत. कारण ते गाण्याबद्दलसुद्धा याच क्रमाने विचारायचे: तक्रार काय, किती दिवसांपासून, आधी काही केलंत का.

सांगणारा: काशीराम घाडी, मंडळाचा बुवा. संपानंतर गिरणी सुटली, आता मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला.

तक्रार: समोरच्या बुवाचा आवाज.

चौऱ्याऐंशीचा डिसेंबर, रविवारची दुपार, घाटकोपरला शाळेचं मैदान. दादूबुवा मेस्त्रीची डबलबारी होती. दोन मंडळं समोरासमोर बसतात. एक बुवा गातो, मग दुसरा. अभंग, गौळण, शेवटी गजर, आणि मधे गाण्यातूनच एकमेकांना प्रश्न आणि टोमणे. निकाल कुणी जाहीर करत नाही. कोण हरलं ते मैदानाला कळतं.

माघी गणपतीला दादूची बारी आमच्याशी ठरलेली होती, म्हणून आम्ही त्याचे डाव बघायला गेलो होतो. मी, आमचा पखवाजवाला लवू आणि डॉक्टर. दादू गोरेगावला स्टुडिओत सुतार. दिवसभर प्लायवूडचे राजवाडे उभे करायचा आणि संध्याकाळी ते पाडून येईल असा गायचा.

किती दिवसांपासून: डॉक्टर डोळे मिटून ऐकत होते. एकदम म्हणाले, "लवू, त्याची पेटी कुठल्या पट्टीत आहे?"

"काळी एक."

"गणपतीत काळी तीन होती. दसऱ्याला काळी दोन. माणूस तीन महिन्यांत जिना उतरल्यासारखा खाली येतोय."

"थंडीन आवाज बसलो असतलो," लवू म्हणाला. "आपल्याक बराच झाला मां, डॉक्टर!"

डॉक्टर हसले नाहीत. मध्यंतरात उठून सरळ दादूकडे गेले. आम्ही मागे.

तपासणी: होऊ शकली नाही.

"बुवा, आवाज कधीपासून बसलाय?"

दादूने तोंडातली तंबाखू गालात सरकवली. "आपण कोण?"

आता सरळ सांगायचं ना, मी एमबीबीएस, एकतीस वर्षं दवाखाना केला! पण निवृत्त झाल्यापासून या माणसाला एकाच गोष्टीचा अभिमान होता. छाती काढून म्हणाले, "काशीरामबुवांचा झांजवाला."

"असां! काशीरामान धाडल्यान तुमका?"

"मी डॉक्टरही आहे."

"आमच्या स्टुडिओत रोज डॉक्टर येतात, यार. मेकअप करून."

त्याचं मंडळ हसून लोळायचं बाकी राहिलं. डॉक्टर तरी म्हणाले, "घसा आतून बघून घ्या. या आठवड्यात." मध्यंतर संपलं. दादू बसला, आणि त्याने समोरच्या मंडळाला सोडून टोमणा मारला तो आम्हाला, प्रेक्षकांत बसलेल्यांना:

*झांज वाजवी डॉक्टर, सुई ठेवी खिशाला,*
*काशीराम बुवा भितो माझ्या घशाला!*

मैदान फुटलं. मी खाली मान घालून चपला शोधल्या.

निदान: त्याच संध्याकाळी, माझ्या खोलीत. चहा निवत चाललेला.

"नुसतं ऐकून नक्की सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पन्नाशीचा माणूस, बारा महिने तंबाखू, तीन महिने आवाज बसलेला. कॅन्सर असू शकतो. आत्ता बघितलं तर तो वाचेल, बहुतेक आवाजही वाचेल. माघापर्यंत थांबला तर मी कसलाच शब्द देत नाही."

"तो बारीआधी जाणार नाही. तुम्ही म्हणजे माझाच डाव, असं त्याला वाटतंय."

"मग बारी नको."

"पुढे ढकलूया?"

"ढकलली तर तयारी करत बसेल, घसा आणखी ताणेल. बुवा, तू त्याला जाऊन सांग, मी हरलो."

लवू उभाच राहिला. "डॉक्टर, तुमचा डोक्या फिरला काय? न गाता हरूचा?"

"गाऊन हरायला वेळ नाहीये, लवू."

बावीस वर्षं मी बुवा. हरलोय मीही, पण घाम काढून. न बसता हरलेला बुवा कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत मी ऐकला नव्हता. मला राग आला. म्हटलं, "तुमचं काय जातं, डॉक्टर? नाव माझं जाणार."

त्यांनी चहा बाजूला ठेवला. "पाच वर्षं मी मागच्या ओळीत बसलोय. या बारीला तू मला पुढच्या ओळीत घेणार होतास. तीन महिने रोज सकाळी गच्चीत हात बसवतोय." तळवे पुढे करून म्हणाले, "पण दादूचं काही झालं, तर पुढच्या ओळीत बसून मी ऐकू कोणाला?"



उपचार: पुढचा रविवार, सकाळ, गोरेगावची चाळ.

मी आधीच निरोप धाडला होता, म्हणून दादूचं अख्खं मंडळ जमलेलं. मी नारळ आणि शाल त्याच्यासमोर ठेवली.

"दादू, मी हरलंय."

"कधी?"

"आत्ता."

"चार माणसांत सांगशीत?"

"ही चौदा आसत. मोज."

शाल त्याने स्वतःच खांद्यावर घेतली. मंडळाने टाळ्या पिटल्या. कुणीतरी गॅलरीतून ओरडलं, "झकास, बुवा!" मला वाटलं जमिनीत शिरावं. लवू तर दाराबाहेरच राहिला होता, पायरीवर, आमच्याकडे पाठ करून.

मग मी म्हटलं, "आता घसा दाखव."

"इलो! झांजवाल्याचो डाव इलो!" दादू हसायला गेला आणि आवाज मधेच विरला. फक्त हवा आली. त्याने दुसऱ्यांदा हसून बघितलं. तेच.

तेव्हा त्याची बायको शेवंती आतून आली. हात पिठाचे. आम्हा कुणाकडे न बघता त्याला म्हणाली, "बारी झाल्यावर बघूया म्हणत होतंस. झाली बारी. जिंकलंस. आता आवाज कोणासाठी राखतंस? उद्या सकाळी चल."

"अगो, पण..."

"पण काय? हरलेलो माणूस समोर बसलोसा. आणखी काय होया तुका?"

डॉक्टरांनी खिशातून हॉस्पिटलसाठीची चिठ्ठी काढून ती दादूच्या नव्हे, शेवंतीच्या हातात दिली.

सोमवारी दादू हॉस्पिटलात शाल पांघरून गेला. तिथल्या रांगेत त्याने सगळ्यांना सांगितलं म्हणे, की काशीराम घाडीला आपण बसल्या जागी लोळवला.

अहवाल: एका स्वरतंतूवर गाठ. लहान. कॅन्सरचीच.

सहा-साडेसहा आठवडे किरणांचे शेक. डॉक्टर आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर जात. बोलायला बंदी होती, म्हणून दादू पाटीवर लिहून शिव्या द्यायचा, आणि डॉक्टर चष्मा लावून त्यातलं शुद्धलेखन सुधारायचे. तंबाखूची डबी शेवंतीने गटारात टाकली. उन्हाळा सरल्यावर डॉक्टरांनी त्याच्याकडून नुसता 'सा' धरून घ्यायला सुरुवात केली. दिवसातून पाच मिनिटं, वर एक श्वाससुद्धा नाही.

दुष्परिणाम: माझ्यावर. वर्षभर कुणी बारीला बोलावलं नाही. मंडळातले दोघे सोडून गेले. कंपनीत मला 'बिनगाण्याचा बुवा' म्हणू लागले. मी खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादूच्या कानावर गेलं असतं, आणि शेक अर्धवट टाकून तो माझ्याशी भांडायला आला असता. लवूने मात्र डॉक्टरांशी दोन महिने अबोला धरला. तालमीत त्यांच्या शेजारी बसायचा, त्यांच्या झांजेबरोबर पखवाजावरचं एक बोट चुकू द्यायचा नाही, आणि बोलायचा नाही.

पुन्हा केव्हा: शहाऐंशीचा माघ. दादूनेच आव्हान धाडलं.

दुपारी तीनला बसलो. डॉक्टर पुढच्या ओळीत, नवा सदरा, कडक इस्त्री. दादूने काळी एकमध्येच पेटी लावली, आणि पहिल्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. आवाज जाड झाला होता, कडा खरखरीत, पण सूर जिथे ठेवायचा तिथेच ठेवत होता. अभंग त्याचा वर गेला, गौळणीत मी त्याला गाठला. मग त्याने प्रश्न टाकला:

*आपल्या पंगतीला बसतो, दुसऱ्याला वाढतो,*
*आपला बुवा पडला की गालात हसतो,*
*सांग बुवा, कोण तो?*

म्हणजे त्याला सगळं कळलं होतं. कधीपासून, देव जाणे. लवू माझ्याकडे बघत होता. उत्तर सोपं होतं, पण बुवानेच ते गाऊन द्यायचं असतं. साथीला बसलेल्या कुणी तोंड उघडलं तर बारी गेली. मी यमक जुळवत पेटीवर सूर धरला, आणि तेवढ्यात शेजारून, दोन्ही हात वर करून, शाळेतल्यासारखं:

"मी!"

मैदानात असा हशा उसळला की मागच्या बायका उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, वाट लावलात!" लवू ओरडला.

"अरे, विचारलं मलाच होतं ना."

दादूने त्या हशावरच गजर धरला. त्याचा झांजवाला हसून हसून ताल चुकवत होता. डॉक्टरांना ते सहन होईना. उठले, मधली सतरंजी ओलांडून गेले आणि समोरच्या मंडळात मांडी घालून वाजवू लागले.

"गेलो आमचो झांजवालो," लवू म्हणाला.

"जाऊं दे रे," मी म्हटलं. "दादूचो आवाज ऐक."