जगदलपूरच्या विमानाची खुर्ची

मी चाकाची खुर्ची बोलतेय. रायपूरच्या विमानतळावर, निघणाऱ्यांच्या दाराशी खांबाला लागून उभी असायची ना, तीच. तुम्ही मला पाहिलं असेल आणि पटकन नजर फिरवली असेल. सगळेच तसं करतात, जणू मला त्यांच्याच नावानं आणून ठेवलंय.

जन्म कुठल्या कारखान्यातला, ते आठवत नाही. खोक्यातून निघाले तेव्हा पाठीवर एका छोट्या विमान कंपनीचं नाव होतं आणि त्याचा मला भारी तोरा होता. आमचं विमान पंख्यांचं, लहानसं. ते जगदलपूरला जायचं. बाकीच्या खुर्च्या दिल्ली-मुंबईच्या मंडळींना वाहायच्या, मी जगदलपूरकडच्या, बस्तरच्या.

माणसांचे नमुने पुष्कळ पाहिले. चांगले धडधाकट लोक रांग चुकवायला माझ्यावर बसतात, कण्हतात आणि तपासणी झाली की टुणकन उठून चहा प्यायला जातात. मला त्यांचा राग येत नाही. वजन मात्र त्यांचंच जास्त वाटतं.

विनोदिनीबाई तशा नव्हत्या. त्यांचे यजमान मूळचे विदर्भातले, रेल्वेत होते. बदलीवर जगदलपूरला गेले आणि तिथलेच झाले. ते वारल्यावरही बाई तिथेच राहिल्या, एकट्या. मग कॅन्सर निघाला. उपचार रायपूरला. दर तीन आठवड्यांनी त्या आमच्या विमानानं यायच्या, मुलाकडे राहून औषध चढवून घ्यायच्या आणि परत आपल्या घरी जायच्या. बसनं जायचं तर दिवस मोडतो, वर केशकालचा घाट. त्या अंगात तेवढं त्राण नव्हतं. विमान होतं म्हणून त्यांना उपचारही मिळत होते आणि घरही सुटत नव्हतं.

मुलगा सुशील इथेच रायपूरला, पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला. स्वभावानं चांगला, पण दर वेळी सोडायला आला की एकच टुमणं लावायचा: ते घर विकून टाक आणि इथेच राहा. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि माझ्यावर येऊन बसायच्या. मला ढकलणारी कंपनीतली पोरगी म्हणजे मीनल. रायपूरचीच मराठी, पण बाई मराठीत बोलायच्या आणि ही हिंदीत उत्तर द्यायची. तरी दोघींचं छान जमायचं.

मग आमच्या कंपनीचं एका मोठ्या कंपनीशी लग्न लागलं. केक कापला, फोटो काढले. नांदायला गेल्यावर सासरचे रंग दिसले. लहान गावांची विमानं एकेक करून बंद झाली. जिथे गर्दी, तिकडे नेली. त्यांचंही अगदीच खोटं नसेल, आमच्या विमानात अर्ध्या जागा रिकाम्याच असायच्या. पण उरलेल्या अर्ध्यांत कोण बसायचं, हे मला विचारा.

जानेवारीत बाई औषध घेऊन मुलाकडे होत्या, तेव्हा त्यांच्या फोनवर परतीचं विमान रद्द झाल्याचा निरोप आला. जगदलपूरच्या लोकांना अशा निरोपांची सवय. धुकं पडलं, रद्द. पाऊस आला, रद्द. दुसऱ्या दिवशी विमान हजर. बाईंनी पुढचं वाचलंच नाही. सुशीललाही त्यांनी धुकंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आल्या आणि सुशील त्यांना दाराशी सोडून कामावर गेला. त्या सवयीनं माझ्यावर बसल्या आणि मीनलला म्हणाल्या, चल.

मीनल माझ्यामागे न जाता त्यांच्यासमोर उकिडवी बसली. त्या दिवशी ती पहिल्यांदा मराठीत बोलली.

"काकू, ते विमान आता येणार नाही. आज नाही, उद्या पण नाही. बंद झालं ते."

बाईंनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. मीनलनं सुशीलला फोन केला, तो धावतपळत आला. झालं ते एका परीनं बरंच झालं, चल आता घरी, असं म्हणत त्यानं आईच्या काखेत हात घातला. बाई हलेनात.

"हिच्यावरून उठली का मी तुह्या घरची झाली," त्या म्हणाल्या. "बसून आहे तोवर मी जगदलपूरची."

सुशीलनं हात काढून घेतला. येणारेजाणारे पाहत होते. तो तिथेच फरशीवर बसला, आईच्या पायाशी. म्हणाला, घर विकणार नाही. तुझा इलाज होईपर्यंत राहा, मग मी स्वतः गाडीनं नेतो.

"खरं सांगून राहिला का?"

"हव."

बाई माझ्या हातांवर भार देऊन आपल्या आपण उठल्या. इतकं हलकं माणूस उठल्यावर इतकं रिकामं वाटावं, हे मला तेव्हाच कळलं. मला रडू आलं. खुर्चीचं रडणं कुणाला दिसत नाही, एवढंच.

आता मी सामानाच्या खोलीत आहे. पाठीवरचं नाव जुन्या कंपनीचं, म्हणून नव्या कंपनीला मी नकोय. मीनलची बदली झाली. बाई बऱ्या झाल्या का, सुशीलनं शब्द पाळला का, कोण सांगणार? रस्त्यानं गेलेल्यांची खबर विमानतळावर येत नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी केशकालच्या घाटातून जाल आणि पुढे एखादी गाडी फारच हळू, खड्डे चुकवत चाललेली दिसेल, तर मागून हॉर्न वाजवू नका. आत विनोदिनीबाई असतील. त्या घरी चालल्या असतील.