आरशातल्या पायाचा दोरा

मी एक जुना आरसा आहे. पुरुषभर उंच, सागवानी चौकटीचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. मित्रांनो, माझं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की माझी उमेदीची वर्षं सदाशिव पेठेतल्या एका शिंप्याच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मी हळूच त्याची ढेरी दोन बोटं आत घ्यायचो. माणूस खूश, शिंपी खूश. तेव्हा थोडं वाढवून-घटवून दाखवायची खोड मला आहे, हे कबूल. पण आजच्या गोष्टीत तसं काही केलेलं नाही.

दुकान बंद झालं तेव्हा मालकाने मला जवळच्या एका धर्मादाय इस्पितळाला देऊन टाकलं. तिथल्या फिजिओथेरपी विभागात मला चाकं लावली आणि धरून चालायच्या दांड्यांपुढे उभं केलं. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची अर्धी बाजू लुळी पडलेली. माझ्याकडे बघत बघत ते पुन्हा पावलं टाकायला शिकत. त्यांना शिकवायला कॉलेजची मुलंमुली येत, सहा-सहा आठवड्यांच्या पोस्टिंगवर. पहिल्या आठवड्यात पेशंटपेक्षा त्यांचेच पाय जास्त लटपटत.

एक गोष्ट मात्र मला आजवर कुणी विचारली नाही. माणूस लंगडत येतो आणि ताठ चालत जातो, मग त्याचं लंगडणं कुठे जातं?

माझ्यात राहतं. दुपारी एक ते चार विभाग बंद असतो. पंखे थांबतात, आणि मग माझ्या आत ती सगळी लंगडणी येरझाऱ्या घालू लागतात. नुसती चाल, वर माणूस नाही. एखादं पाय ओढत जातं, एखादं काठी टेकत. फरशी पुसणाऱ्या मावशी त्या वेळी मान वर करत नाहीत. का, ते त्यांनाच विचारा.

गेल्या दिवाळीनंतर ऋतुजा पोस्टिंगवर आली. हडपसरची, शेवटच्या वर्षाची, चटपटीत पोरगी. तिला पहिले पेशंट मिळाले नागोराव. तिच्याच बाजूच्या एका वाडीतले शेतकरी, ट्रॅक्टरखाली चिरडलेला डावा पाय गुडघ्याखाली काढून टाकलेला. कृत्रिम पाय कधीच तयार होता. पण तो चढवला रे चढवला, की जो पाय नव्हताच त्याची बोटं आवळली जात आणि नागोराव घामाघूम होऊन खाली बसत.

"बोटं मुडपली हायत, पोरी. नखं तळव्यात घुसत्यात."

"काका, पाऊलच नाहीये, तर दुखेल कसं? मनातून काढून टाका बरं."

नागोरावांनी कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला. ऋतुजाने केस पेपरवर लिहिलं: डाव्या पावलात वेदना, दहापैकी शून्य.

विभागाच्या तनया मॅडमनी तो कागद चष्म्यावरून वाचला. "पाऊल नाही, म्हणून वेदना शून्य. वा! गणित पक्कं आहे हो तुमचं. दुखतंय कुणाला? त्यांना की तुम्हाला?"

"त्यांना, मॅम."

"मग आकडा कुणाला विचारायचा?"

ऋतुजाचे कान लाल झाले. ती परत गेली, विचारलं, आणि शून्य खोडून नऊ लिहिला.

मग उपचार सुरू झाला. गादीवर नागोरावांना बसवायचं, मला लांब कडेवर आडवं करून त्यांच्या पायांच्या मधे ठेवायचं. डावीकडचा उरलेला पाय माझ्या पाठीमागे झाकलेला. माझ्यात दिसायचं उजव्या पायाचं प्रतिबिंब, पण बघणाऱ्याला वाटायचं, डावा पाय परत आला. उजवी बोटं उघडा-मिटा करायची, म्हणजे डावीही उघडतायत अशी मेंदूची समजूत पटते. मॅडमनी बजावलं होतं, "उजव्या पायात काही नको. कडं नको, दोरा नको. आरशातला पाय गेलेल्या पायासारखाच दिसला पाहिजे." उजवा पाय मोकळाच होता.

अठरा दिवस झाले. नसलेली बोटं अर्धी उघडत आणि अडत. नऊचे आठ होईनात.

एकोणिसाव्या दिवशी, एकला दहा मिनिटं असताना, ऋतुजा बोटं नीट बघायला वाकली आणि तशीच राहिली. माझ्यातल्या पायाला घोट्याच्या वर काळा दोरा होता. मांसात रुतलेला. बोटं निळी पडलेली. तिने मान वळवून नागोरावांचा उजवा पाय पाहिला. मोकळा. पुन्हा माझ्यात पाहिलं. दोरा. तिने काचेवर बोट टेकलं आणि चटकन मागे घेतलं.

"काका," ती हळू आवाजात म्हणाली, "गेलेल्या पायाला काळा दोरा होता?"

नागोरावांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. "व्हता. आपरेशनच्या सकाळी हिनं बांधला. पाय ऱ्हावा म्हणून. लई आवळून. तुला कुनी सांगितलं?"

या वेळी ऋतुजा 'मनातून काढून टाका' म्हणाली नाही. बाहेरच्या बाकावर नागोरावांच्या मंडळी, मुक्ताबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना ती आत घेऊन आली. तिच्या स्वतःच्या पायात काळा दोरा होता, हल्लीच्या मुली घालतात तसा. तो सोडून तिने नागोरावांच्या उजव्या घोट्यावर बांधला. माझ्यात तो नेमका जुन्या दोऱ्यावर बसला. मग बँडेजची कात्री तिने मुक्ताबाईंपुढे धरली.

"म्या न्हाई," मुक्ताबाई मागे सरल्या. "पाय ऱ्हावा म्हून बांधला म्या. आन् म्याच तोडू? म्हंजी गेलाच की त्यो!"

"गेलाय, अगं," नागोराव म्हणाले. "कवाच गेलाय. तू तेवढी आवळून धरलीयास. सोड."

मुक्ताबाईंनी पदर तोंडात धरला. कात्री चालली.

गादीवर एक दोरा पडला. माझ्यात दोन पडले.

मग माझ्यातली बोटं एकेक करून उघडली. करंगळी सगळ्यात शेवटी. गंमत अशी, की उजवा पाय तेव्हा जागचा हलला नव्हता.

"उघडली," नागोराव म्हणाले.

ऋतुजाने केस पेपर ओढला. आकडा तिने त्यांनाच विचारला. "काका, आता किती?"

"दोन लिव्ह. थांब... एक लिव्ह."

पुढच्या आठवड्यात कृत्रिम पाय चढवून नागोराव दांड्यांमधून मुक्ताबाईंपर्यंत चालत गेले. ऋतुजाचं पोस्टिंग संपलं. जाताना तिने मला पुसलं, पण डोळे मिटून.

आता विभागात नवा, हलका आरसा आलाय. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलंय आणि भंगारवाला सोमवारी येणार आहे. मित्रांनो, माझी विनंती दोनच गोष्टींची. कुणी दुखतंय म्हणालं तर आधी त्याला विचारा, मग कागदावर लिहा. आणि मला फोडू नका. इतक्या वर्षांची लंगडणी आत आहेत. काच फुटली तर ती कुठे जातील? आपापल्या माणसांची घरं त्यांना पाठ आहेत. येरवड्यापासून हडपसरपर्यंत.

दुपारी ती सगळी काचेशी गर्दी करतात. सगळ्यांच्या मागे एक डावं पाऊल शांत उभं असतं, बोटं मोकळी सोडून. त्याला कुठेही जायची घाई नाही. घाई बाकीच्यांना आहे.