साबणाची घोंगडी

ईश्वरअप्पांनी लोकरीत गुंडाळलेला साबण नायलॉनच्या मोज्यात कोंबला, बादलीतल्या गरम पाण्यात बुडवला आणि धुण्याच्या दगडावर रगडायला घेतला. मोज्यातून फेस वर आला. कोपरापर्यंत हात भिजले, धोतराचा सोगा भिजला, तरी ते थांबले नाहीत.

“अजून,” बायनाबाई म्हणाल्या. त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून बोटांनी लोकर मोकळी करत होत्या. “अजून रगडा. आमचा सासरा जेन करायचा तवा पायानं तुडवायचा. दोन दोन तास.”

जेन म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण. विणायचं नाही, शिवायचं नाही. लोकर पसरायची, भिजवायची आणि तुडवत राहायची, की तिचे केस एकमेकांत गुंतून ती धरते. बायनाबाईंना तेवढं ठाऊक होतं. साबणावर ते कसं करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

अप्पांनी मोजा उलटा केला. आधीचे दोन साबण उघडेच निघाले होते, साबण एकीकडं आणि लोकर दुसरीकडं. हा तसा निघाला नाही. लोकर चारी बाजूंनी साबणाला बिलगली होती. त्यांनी कडेला नख घालून पाहिलं. निघेना. मग दातानं ओढून पाहिलं.

“धरली!” तोंडातला फेस थुंकत ते ओरडले. “बायनाबाई, धरली की वो!”

“आता खाऊ नका त्याला,” बायनाबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

तेवढ्यात मागच्या दारातून शेजारच्या मुंजाजीनं मान आत घातली. ताडकळसमध्ये दुकान बंद ठेवून अप्पा घरी बसलेत, हे त्याला पटलं नव्हतं.

“अप्पा, चहापत्ती पायजे व्हती. दुकान का बंद हाय?” मग त्याची नजर दगडावर गेली. “साबण धुवायलात व्हय?”

“व्हय.”

“अन् त्याला साबण कोणता लावायलात?”

“पळ इथून! चहापत्ती उद्या,” अप्पा म्हणाले. पण मुंजाजी गेल्यावर त्यांना स्वतःलाच हसू फुटलं. श्रावणानंतर ह्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

बायनाबाई सकाळी मेंढरांच्या वाड्यावरून पाठीवर गाठोडं घेऊन आल्या, तेव्हा अप्पांची नुकती अंघोळ झाली होती आणि पूजा व्हायची होती. गाठोड्यात कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर होती, जावळ. हाताला लागेल न लागेल इतकी मऊ. अप्पांनी विचारलं, हे कुणी सांगितलं होतं? “अम्मांनी,” बायनाबाई म्हणाल्या. “श्रावणात सांगितलं व्हतं. म्हणल्या, दिवाळीनंतर कातरणी झाली की जावळ आणून दे, साबणाला घोंगडी घालायची हाय. नातवंडाच्या पाळण्याला ज्या बाया येतील त्यांना एक एक द्यायचा. न्हाताना हातातून निसटत न्हाई म्हणं. अन् साबण झिजंल तशी लोकर बी आवळत जाते.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “अम्मा गेल्या. पण सांगितलेलं तर सांगितलेलं हाय.”

अप्पांची बायको चन्नबसम्मा गणपती उठले त्याच आठवड्यात गेली. तिनं केलेले एकवीस साबण तेव्हापासून माडीच्या फळीवर कागदावर मांडून ठेवले होते. करडीचं आणि खोबऱ्याचं तेल, वर वाळ्याची पूड. ते दीड महिना वाळू द्यायचे असतात, एवढं तिनं सांगितलेलं; कशासाठी केलेत ते सांगायचं राहून गेलं होतं. अप्पा रोज फळीखाली उभे राहून वास घेत आणि अंघोळीला दुकानातला साबण नेत. तिच्या साबणाला त्यांनी पाणी लागू दिलं नव्हतं.

आणि पाळणा उद्या होता. वालूरला, सुनेच्या माहेरी. दुपारी लेक ईश्वरी परभणीहून येऊन सामान पुढं घेऊन जाणार होती. एकवीस बाया, एकवीस साबण. एकही जास्तीचा नव्हता. त्यातला एक बिघडला असता तर दुसरा करणारी आता नव्हती. म्हणून तर दुकानातले तीन साबण त्यांनी आधी शिकण्यात घातले होते.

“आणा आता अम्मांचे,” बायनाबाई म्हणाल्या.

अप्पांनी फळीवरून सगळे साबण परातीत घालून आणले. एका साबणावर अंगठ्याएवढा खळगा होता. साबण आवळला की नाही ते बघायला चन्नबसम्मानं ओला असताना दाबला होता. अप्पांनी तो उचलून वेगळा, खिडकीत ठेवला. बायनाबाईंनी पाहिलं आणि लोकर पुढं ओढली.

बायनाबाईंनी पहिल्या साबणावर लोकरीचे पातळ थर दिले, एक उभा, एक आडवा. अप्पांनी तो मोज्यात घातला, कोमट पाण्यातून काढला आणि तान्ह्या लेकराची टाळू चोळावी तसा तळहातावर फिरवू लागले. बराच वेळ फिरवला. मोजा उलटा केला तर लोकर ओल्या फडक्यासारखी गळून परातीत पडली.

“असं कसं झालं?”

“मगाशी कसं रगडलं व्हतं? दगड फुटतो का काय असं वाटायलं व्हतं मला.”

“ते दुकानातलं होतं.”

“मग?”

“हे झिजंल की.”

“झिजणारच,” बायनाबाई म्हणाल्या. “साबणाचा फेस झाला न्हाई तर लोकर धरंल कशाला? अम्मांनी काय फळीला न्हाऊ घालायला केलते का हे?”

अप्पा उठले. त्यांनी बादलीत चुलीवरचं कढत पाणी आणखी ओतलं. बायनाबाईंनी त्याच साबणाला नवी लोकर गुंडाळली. अप्पांनी तो दगडावर ठेवला, दोन्ही तळव्यांनी दाबला आणि एकदाचा जोर लावला.

फेस आला. दुकानातल्या साबणासारखा मोठमोठ्या बुडबुड्यांचा नव्हे, दाट, सायीसारखा. न्हाणीत वाळ्याचा वास पसरला. फेस दगडावरून उतरून मोरीच्या तोंडाकडं निघाला, तसा अप्पांनी आडवा हात धरून तो अडवला. घटकाभर अडला. मग बोटांमधून वाट काढून गेला.

“अप्पा.”

“हां, हां.”

त्यांनी हात परत साबणावर आणला आणि रगडायला लागले. ह्या वेळी मोजा उलटा केला तेव्हा आत एक घट्ट, करड्या रंगाचा गोळा होता, आवळून बसलेला. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग थांबणं नव्हतं. बायनाबाई गुंडाळत होत्या, अप्पा रगडत होते. पाचवा झाला, सहावा झाला. हात बसला तसा वेग वाढला. बायनाबाईंची लोकर तयार व्हायच्या आत अप्पा हात पुढं करून बसायचे.

“काय घाई हाय? बारा वाजायलेत, लिंगपूजा न्हाई, घोटभर चहा न्हाई. अम्मा असत्या तर बोलल्या असत्या.”

“ती असती तर इथं बसू दिलं असतं का मला? म्हणली असती, उठा, तुमाला जमत न्हाई.”

“खरं हाय,” बायनाबाई म्हणाल्या. “मला बी तेच म्हणल्या असत्या.”

ईश्वरी आली तेव्हा अंगणातल्या बाजेवर चौदा गोळे उन्हात मांडलेले होते. तिनं एक उचलला, दाबला, नाकाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग चपला काढून, पदर खोचून न्हाणीत आली.

“अप्पा, सरका. गार पाण्यातून मी काढते.”

“आवळून पीळ. लोकर भिऊन चोळली की धरत न्हाई,” अप्पा तिला म्हणाले, जसं काही ते जन्मभर हेच करत आले होते. बायनाबाईंनी मान खाली घालून हसू लपवलं.

वीस झाले. परात रिकामी झाली. ईश्वरीनं हात पुसले आणि तिला खिडकीतला साबण दिसला. तिनं तो घेतला नाही. नुसतं बोट खळग्यावर ठेवलं आणि उचललं.

“हा राहू द्या, अप्पा,” ती हळूच म्हणाली. “मी सांगते वालूरला. माझा मला नको. वीस पुरे झाले.”

अप्पा मोज्यातलं पाणी पिळत होते. ते पिळून झालं, मोजा झटकून झाला.

“एकवीस बाया धरल्यात तुझ्या आईनं,” ते म्हणाले. “तुला धरून. आण इकडं.”

बायनाबाईंनी लोकर पुढं केली. अप्पांनी तिच्यातून चिमूटभर काढली, आधी ती खळग्यात घातली आणि आपल्या अंगठ्यानं दाबून बसवली. अंगठा थोडा वेळ तिथंच राहिला. मग वरून थर दिले, उभा, आडवा, पुन्हा उभा, आणि साबण दगडावर घेतला. सगळ्यांत जास्त तो रगडला. ह्या वेळी फेस मोरीकडं गेला तेव्हा त्यांनी हात आडवा धरला नाही.

ईश्वरीनं तो गार पाण्यातून काढून बाजेवर ठेवला. बायनाबाईंनी गोळ्यांना ऊन सारखं लागावं म्हणून सगळे खालीवर केले. थोड्या वेळानं अप्पा बाजेशी आले, दोन-तीन दाबून पाहिले, आणखी दोन पाहिले.

“काय शोधायलात?” बायनाबाईंनी विचारलं.

“काय न्हाई. मोजायलोय. एकवीस हायत.”

घरात ईश्वरीनं पाट मांडला, विभूतीचा डबा ठेवला. “अप्पा, आधी पूजा करून घ्या. मग वाढते. बायनाबाई, तुमी पण जेवूनच जायचं.” रोज पूजेआधी अप्पा घासून हात धुतात हे तिला माहीत होतं; तांब्या भरून ती त्यांच्याजवळ आली. “हात पुढं करा.”

अप्पांनी हात पुढं केले आणि पाहिले. इतका वेळ पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. त्यांनी तळवे नाकाशी नेले.

“राहू दे,” ते म्हणाले. “सकाळपासून तेच तर करायलोय.”

ईश्वरीनं भरलेला तांब्या तसाच खाली ठेवला. अप्पा पाटावर बसले, गळ्यातलं लिंग सोडलं आणि डाव्या तळव्यावर घेतलं.