पाचव्यावर मूठ

इस्पितळात माइकवरून पुकारा करायची जागा निघाली, सुनेनं अर्ज भरला आणि मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. पेशंटांची नावं सोपी. विभागांची इंग्रजी नावं म्हणजे एकेक मालगाडी. सासूबाई मात्र हसल्या. त्याच इस्पितळाच्या फरशा पुसताना तीस वर्षं डॉक्टरांचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. अक्षरओळख नव्हती, पण कान पक्का.

"गॅस्-ट्रो-एन्-ट-रॉ-ल-जी," त्या ओट्यावर ठोकत म्हणायच्या. हलक्या तुकड्याला बोट, जोराच्या तुकड्याला मूठ. "पाचव्यावर मूठ. बाकीच्यांना नुसतं शिवायचं."

महिनाभर ओटा असा बडवला गेला, की शेजारणीनं विचारलं, "सुतार बोलावलाय का हो?"

मुलाखतीत आपलं नातं सांगायचं नाही, असं सुनेनं बजावलं होतं. उगाच वशिला वाटेल म्हणे. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक.

मुलाखतीच्या दिवशी मोठ्या मॅडमनी नेमका तोच शब्द लिहिलेला कागद पुढे सरकवला. सुनेची जीभ टाळ्याला चिकटली. तेवढ्यात उघड्या दाराबाहेर फरशी पुसायचा दांडा वाजला. चार हलके, एक जोरात, दोन हलके. सुनेनं शब्द घडाघडा म्हटला.

"वा! कुणी शिकवलं?"

सासूबाई बादलीवर वाकल्या होत्या. पिळायचं फडकं त्यांच्या हातात तसंच थांबलं.

"क्लास लावला होता, मॅडम."

मॅडमनी बाहेर पाहिलं. "ओ मावशी, ती ठोकाठोक बंद करा! इथं मुलाखत चाललीय."

"चुकलं, मॅडम," म्हणत सासूबाईंनी बादली उचलली. सुनेनं मान वर केली नाही. नोकरी तिथल्या तिथं पक्की झाली.

संध्याकाळी घरात पाऊल टाकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या कणीक मळत होत्या. "आई..." एवढंच तिच्या तोंडून निघालं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

सासूबाईंनी मागे न बघताच विचारलं, "क्लासचं नाव काय गं?"

"अं?"

"अगं, आज ना उद्या नातं कळेलच तिथं. मला कुणी विचारलं, तर दोघींचं एकच निघायला हवं ना."