जाळीतून वर आलेलं

"तुम्ही नाकाला रुमाल लावून 'काम समाधानकारक' असं लिहिलंत, साहेब. एक तर रुमाल खोटा, नाहीतर सही खोटी. कुठलं खोटं, ते तुम्हीच सांगा."

काम तपासायला आलेले साहेब बाथरूमच्या दारात उभे होते. आत एकही पाऊल न टाकता त्यांनी सगळी पाहणी उरकली होती. मावशी त्यांच्या मागे, अरुंद बोळात, वॉकरच्या दोन्ही मुठी धरून उभी होती. म्हणजे साहेबांच्या पुढे घाण आणि मागे मावशी.

"रुमाल धुळीसाठी आहे," साहेब म्हणाले. "मला त्रास होतो धुळीचा."

"धूळ? ओल्या खोलीत?"

साहेबांनी फॉर्म पुढे केला. "इथे तुमची सही लागते. लाभार्थीची."

मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती. इस्पितळात एकतीस वर्षं आया म्हणून राबलेल्या बाईला सगळं जगच भाचा नाहीतर भाची असतं. वॉर्डात पडलेल्या माणसांना तिने न्हाऊमाखू घातलं, त्यांच्या पाठीच्या जखमा पुसल्या, त्यांच्या खालचं भांडं काढलं. नाकाला पदर कधी लावला नाही. नव्या पोरी यायच्या, त्या श्वास रोखून काम करायच्या. मावशी त्यांना बाजूला घेऊन म्हणायची, "श्वास घे बाई. तू रोखलास की त्याला कळतं. घाण त्याच्या अंगाची आहे, त्याची नाही." नाकाने कांदे सोलणाऱ्या पोरी आठवड्यात पळून जायच्या. उरायच्या त्या शिकायच्या.

आणि आता तिच्या मांडीत सळई होती. जिन्यावरून पडली, हाड मोडलं, पाय उचलेना. जुन्या बाथरूमला वीतभर उंबरा होता. तो ओलांडायला सून लागायची. सून कामाला जायच्या आधी तिला आत न्यायची, स्टुलावर बसवायची, पाठ चोळायची. सून गुणाची होती. कधी तोंड वाकडं केलं नाही की उलटून बोलली नाही. फक्त श्वास रोखून धरायची. पहिला तांब्या अंगावर पडला की मावशीला मागून तो थांबलेला श्वास ऐकू यायचा. सोळा महिने रोज ऐकला. जिने दुसऱ्यांना सांगितलं, तिला स्वतःच्या सुनेला सांगता आलं नाही.

म्हणून तिने अर्ज केला. ही घरं ज्या कार्यालयाने बांधली, तेच कार्यालय पाय अधू झालेल्यांच्या बाथरूमची ओली खोली करून देत होतं. उंबरा तोडायचा, सगळी जमीन एकसपाट करायची, भिंतीला घडीची खुर्ची, धरायला दांडे. पाणी कुठेही सांडो, उताराने जाळीकडे जायला हवं. मावशीला त्यातलं एकच हवं होतं. एकटीने आत जायचं आणि एकटीने अंघोळ करून बाहेर यायचं. बाकी सगळं कार्यालयाने आपल्या फोटोंसाठी ठेवावं.

सात महिन्यांनी फरशीवाला आला. त्याने उंबरा फोडला तेव्हा खालून काळा, केसाळ चिखल निघाला, वर्षानुवर्षांच्या साबणाचा आणि मळाचा. तो त्याने पाट्या भरभरून नेला. मावशी खुर्ची टाकून बघत होती. तिला त्या चिखलाची किळस आली नाही. किळस आली ती तिसऱ्या दिवशी, त्याने भिंतीला कागद लावला तेव्हा.

"अरे, जाळी तिकडे कशाला खोदतोस? संडासांचा मोठा पाइप इकडे आहे."

फरशीवाल्याने कपाळ पुसलं. "मावशी, नकाशा समोरच्या घराचा आहे. जिन्याच्या त्या बाजूची घरं आणि या बाजूची घरं आरशातल्यासारखी उलटी. कार्यालयाने एकच कागद काढला आणि सगळीकडे वाटला."

"मग कागद उलटा धर की."

"धरून विचारलं. म्हणाले, मंजूर नकाशात बदल नाही. आता जाळी या टोकाला, पाइप त्या टोकाला. मधला पाइप जमिनीखालून आडवा न्यायचा. उतार द्यायला खाली तेवढा खोलपणाच नाही."

"मग पाणी कसं जाईल?"

"जाईल थोडं थोडं. फ्लश केलात की मात्र उलटं येईल." तो खाली बघत म्हणाला, "मी कोण सांगणार? कागद सोडून केलं तर काम नापास होतं."

"आणि कागदाप्रमाणे केलं तर?"

"तर पास."

फरशा मात्र त्याने सुरेख बसवल्या. एक कोपरा वरखाली नाही. हात चांगला, काम घाण. असं काम बघायला डोळे मिटावे लागतात.

पहिल्या दिवशी घरात कुणी नव्हतं. मावशीने दाराला आतून कडी घातली. मुलाने सांगितलं होतं, आई, कडी नको. पण सोळा महिन्यांनी मिळालेली कडी होती ती. कडीचा आवाज ऐकून ती नव्या नवरीसारखी लाजली. सावकाश कपडे काढले, वॉकर बाजूला लावला, खुर्चीवर बसली, पाणी घेतलं. मागे कुणाचा श्वास नव्हता. तिने दोनदा साबण लावला, गरज नसताना.

मग वरच्या मजल्यावर कुणीतरी फ्लश ओढला.

जाळीने आधी ढेकर दिली. मग पाणी वर आलं, राखाडी, मग पिवळसर, आणि त्यात जे असायचं ते सगळं होतं. मऊ तुकडे तिच्या घोट्याला लागून थांबले. ओल्या फरशीवरून वॉकर सरकला आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. सळईचा पाय घसरणाऱ्या जमिनीवर टेकवणं शक्य नव्हतं. ती दांडा धरून बसून राहिली. दोन तास. थंडीने अंग कापत होतं आणि साबण अंगावर वाळत होता. दर थोड्या वेळाने वरचं कुणीतरी आपलं काम आटोपायचं आणि ते तिच्या पायाशी यायचं.

मुलगा गॅरेजातून जेवायला घरी आला. त्याने पान्याने कडी उचकटली. आईला बघून मान फिरवली, चादर टाकली, उचलून पलंगावर आणून ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेला. मोरीत त्याची ओकारी मावशीने पलंगावरून ऐकली. तिला त्याचा राग आला नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना ओकताना बघितलं होतं. पण हा तिचा होता, आणि ओकत होता ते तिला बघून.

दुसऱ्या दिवसापासून सून पुन्हा श्वास रोखू लागली. स्वयंपाकघराच्या मोरीत, पडदा लावून.

"मी सही करणार नाही," मावशी आता साहेबांना म्हणाली. "मला तक्रार द्यायचीय."

"तक्रार घेतो की आम्ही. पण काम पूर्ण झाल्याच्या फॉर्मवर सही झाल्यानंतर. अपूर्ण कामाची तक्रार घेता येत नाही."

"म्हणजे बरं झालंय असं आधी लिहून द्यायचं, मग बरं नाही म्हणायचं."

"पद्धत आहे ती."

"तुम्ही पाणी ओतून बघितलंत?"

"जाळी बसवलेली आहे, दांडे बसवलेले आहेत, खुर्ची आहे. पाणी ओतायचा रकाना नाही यात."

मावशीने मागे बघितलं. मुलगा बोळाच्या टोकाला भिंतीला टेकून उभा होता.

"फ्लश ओढ रे."

"आई, राहू दे."

"ओढ म्हणते ना."

मुलगा दोघांच्या बाजूने अंग चोरून आत गेला आणि त्याने कमोडचा फ्लश ओढला. जाळीने ढेकर दिली. साहेब मागे सरकले आणि वॉकरला अडकले. मावशी जागची हलली नाही. तिने वॉकरला टांगलेल्या पिशवीतून मापाचं भांडं काढलं. निवृत्त होताना वॉर्डातून मागून घेतलेलं, रेघा पुसट झालेलं. आजाऱ्याच्या अंगातून बाहेर पडलेलं मोजायचं भांडं. मोजायची मावशी, लिहायची सिस्टर. तिने ते मुलाच्या हातात दिलं.

"भर. डोळे उघडे ठेव. श्वास घे."

मुलाने एकदा आईकडे बघितलं. मग खाली बसला, भांडं भरलं, उजेडात धरलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण छाती वरखाली होत होती. मावशीला ते दिसलं.

"किती?"

"साडेतीनशे मिलीच्या रेघेला लागतंय."

मावशीने साहेबांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. फॉर्म वॉकरच्या दांड्यावर टेकवला. जिथे सही करायची होती, तिथे ती चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात लिहू लागली. सिस्टर लिहायची त्याच क्रमाने.

"मावशी, इथे फक्त सही असते," साहेब रुमालातून म्हणाले.

ती लिहीत राहिली. वेळ, सव्वादहा. कुठून आलं, जाळीतून. किती, साडेतीनशे, एका फ्लशला. रंग, पिवळा. वास, साहेबांनी नाक धरलं एवढा. शेवटी तिने "उपाय काय केला" असं लिहिलं, त्यापुढे आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर काहीच लिहिलं नाही.

तिने फॉर्म आणि पेन दोन्ही साहेबांपुढे धरलं. दाराला कडीच्या जागी चार स्क्रूंची भोकं होती, आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

"आमच्या वॉर्डात ही रेघ कुणी रिकामी सोडत नसे," ती म्हणाली. "ही तुमची आहे. रुमाल काढा, आणि लिहा."