निळ्या काचेवरचा आळ

मित्रांनो, एक पत्र अख्खा उन्हाळा माझ्याखाली दबून पडलं होतं आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. ते मला अजून आठवतं. मी एक जुनी निळी काच आहे. मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. लोक आजवर माझ्यातून पाहत आले. माझं कुणी ऐकलं नाही.

लाकडी चौकटीत बसवून मला भिलाईच्या कारखान्यात आणलं, तेव्हा पोलादाच्या भट्ट्या नुकत्याच पेटल्या होत्या. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी बघवत नसे. तेजराम मला डोळ्यांपुढे धरून आतल्या रसाचा रंग पाही. गोंदियाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा तो. एकदा कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांनी त्याची पाठ थोपटली, तेव्हा त्यानं मला सदऱ्याच्या टोकानं पुन्हा पुन्हा पुसलं. माझे सुखाचे दिवस तेच.

पुढे त्याचं पोट बिघडलं. शौचावाटे रक्त जाऊ लागलं. काम सोडून सारखं उठावं लागे. सोबतीचा पंजाबराव एकदा सगळ्यांदेखत ओरडला, "का बे तेजराम, तुही ड्यूटी भट्टीवर हाय का संडासात?" सगळे हसले. तेजरामही हसला. त्यानंतर मात्र पोटाचं नाव त्यानं कुणापाशी काढलं नाही.

मग गुडघे सुजले. उभं राहून दुखत असतील, असं त्याला वाटलं. नडग्यांवर लाल गाठी उठल्या; त्याला वाटलं, आच लागली. मग उजवा डोळा लाल झाला, ठणकू लागला, त्याला उजेड सोसेना.

"तुही काचच खराब हाय बे," पंजाबराव म्हणाला. "फेक तिले!"

नवी काच आली. मी तेजरामच्या खोलीतल्या फळीवर गेले. डोळा तरीही बिघडतच गेला. खोटं कशाला सांगू, हे माझ्यामुळेच झालं असं मलाही वाटू लागलं होतं.

त्या डोळ्यानं दिसेनासं झालं, तेव्हा कुठे तो नागपूरच्या डॉक्टरांकडे गेला. उन्हात डोळ्यापुढे धरायला त्यानं मला खिशात घेतलं होतं.

"डोळ्याशिवाय आणखी काय दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघे. पण ते वेगळं हाय जी."

"आणि पोट?"

"रक्त जाते जी," तेजराम खालच्या आवाजात म्हणाला.

"अहो, हे वेगळं नाही. तुमच्या आतड्याला सूज आहे. त्याच आजारानं सांधे धरतात, कातडीवर गाठी येतात, डोळाही सुजतो. आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटे जी."

औषधानं पोट निवलं, गुडघे निवले. माझ्यावरचा आळ गेला. उजव्या डोळ्याची नजर मात्र परत आली नाही.

वर्षभरानं धाकट्या बहिणीचं, नलूचं, सासरहून पत्र आलं. "दादा, माहे डोळे लाल होऊन राहिले. सासूबाई म्हणतात, चुलीचा धूर लागते. गुडघेही दुखतात. पोटाचं तर कोणाले सांगू? तुले काय झालं होतं?"

तेजराम लिहायला बसे आणि कागद फाडून टाकी. त्याचं पत्र नलूचे सासरे घरात मोठ्यानं वाचणार. त्यात शौचाच्या, रक्ताच्या गोष्टी बहिणीला कशा लिहायच्या? तिचं पत्र फळीवर राहिलं, आणि ते उडू नये म्हणून त्यावर मी.

उन्हाळा सरत आला, तेव्हा तिचं कार्ड आलं. "दादा, सुईत दोरा जात नाही आता. तू माह्यावर रागावला का?"

त्यानं ते डाव्या डोळ्याजवळ धरून वाचलं. कार्ड खाली ठेवलंच नाही. तसाच लिहायला बसला.

"नलू, धूर नोहे तो. मले झालं होतं तेच तुले होऊन राहिलं. मी लाजलो आन् डोळा गमावला. तू लाजू नको. मी तुले न्यायले येतो. डॉक्टरले पोट, गुडघे, डोळे, सारं एकदमच सांगू. घरच्यायनं वाचलं तरी वाचू दे."

मित्रांनो, माझ्यासारख्या काचेचं कोण ऐकतं? तरी सांगते. दुखणं सांगताना त्यातलं लाजेचं तेवढं मागे ठेवू नका. आणि दुसरा सांगत असेल, तर हसू नका.

भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीतल्या टपालपेटीपर्यंत तेजराम उन्हातून मला डोळ्यापुढे धरून चालत गेला. पेटीच्या तोंडाशी त्याचा हात थांबला. मग त्यानं पत्र सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.