कमलिनीबाईंनी ब्रेक उघडला

चेन्नईतल्या मैलापूरच्या त्या गल्लीत देवस्थळींची गाडी दिसण्याआधी तिचं किंचाळणं ऐकू यायचं. मागच्या चाकांचे ब्रेक. कोपऱ्यावरची फुलवाली हातातला गजरा थांबवून बघायची, देवळाच्या रांगेतली माणसंही माना वळवायची. गाडी चालवायच्या कमलिनीबाई, वय चौसष्ट, आणि कोण बघतंय याचं त्यांना काडीचंही काही वाटत नसे. शेजारी बसलेल्या कृष्णकांतांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं होई.

होणारच. या माणसानं रणगाड्यांच्या कारखान्यात जन्म काढला होता आणि घरच्या गाडीला कधी परक्याचा हात लागू दिला नव्हता. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, उजवा हात मात्र लुळा पडला तो पडलाच. नवऱ्याला दवाखान्यात व्यायामाला न्यायचं म्हणून कमलिनीबाई या वयात गाडी शिकल्या. आता ब्रेक वाजायला लागल्यावर कृष्णकांतांनी जाहीर केलं, "त्या गाडीत मी बसणार नाही." रिक्षात तर नाहीच, कारण रिक्षावाल्याला काखेत हात घालून चढवावं लागतं. मेकॅनिक बोलावला, त्याला यांनी फाटकातूनच परत पाठवला. डॉक्टरांनी बजावलं होतं की आत्ता व्यायाम सुटला तर पाय कायमचा आखडेल. तरी हे आपले खुर्चीत.

मुलगा कुशल ओरगडमला गाड्यांच्याच कारखान्यात होता. त्यानं रविवारी संध्याकाळी गाडीसाठी गिऱ्हाईक आणायचं ठरवलं. फोनवर म्हणाला, "अप्पाच विका म्हणतायत, आई. पोदुम, पुरे आता. किती ताणायचं?"

"माझं पोदुम अजून झालेलं नाही," असं म्हणून कमलिनीबाईंनी फोन ठेवला. गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारची कॉफी झाल्यावर त्यांनी कुशलची जुनी पँट चढवली, नाकाला फडकं बांधलं आणि मोबाइलवर दोनदा पाहिलेला व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहिला. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, जॅक चढवला. चाक निघालं ते गाडीखाली आडवं सरकवलं, जॅक दगा देईल तर असावं म्हणून. कृष्णकांत व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते. ना मदत, ना मनाई.

चाकामागचं लोखंडी टोपलं, म्हणजे ड्रम, निघता निघेना. कमलिनीबाईंनी लाकडी हातोडीनं सगळीकडून ठोकलं. घाम डोळ्यांत गेला. चेन्नईच्या उकाड्याला आणि ड्रम बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना त्यांनी मनसोक्त शिव्या दिल्या, पुन्हा ठोकलं, आणि ड्रम एकदाचा हातात आला. आत दोन कमानदार लायनर, ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे. वर्षभर साचलेली काळी धूळ त्यांनी ओल्या फडक्यानं टिपली आणि गुळगुळीत झालेले लायनर पॉलिश पेपरनं घासून खरखरीत केले.

मग त्या देवघरात जाऊन वाटी घेऊन आल्या. हा खुद्द कृष्णकांतांचाच नेम. कारखान्यातल्या आयुधपूजेनं लावलेली सवय, की कुठलंही यंत्र उघडलं तर बंद करण्याआधी तिळाच्या तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावायचं. बायकोनं वर्षानुवर्षं दुरून पाहिलेला. कमलिनीबाईंनी मनोभावे हात जोडले आणि दोन्ही लायनरना ठसठशीत टिळे लावले.

"कमल!" व्हरांड्यातून गर्जना आली. "लायनरला तेल? अगं, थांबायची गाडी ती, घसरायची नाही!"

"तुम्हीच लावायचात ना?"

"ड्रमला! तेही बाहेरून!"

"मग सांगायचं होतं. सकाळपासून एकच पान वाचताय."

कृष्णकांत काठी टेकत आले आणि स्टुलावर बसले. "पेट्रोलनं पूस. सुकू दे, मग पुन्हा घास. लालचा मागमूस राहता कामा नये."

कमलिनीबाईंनी पुसलं, वाळवलं, घासलं. बोटांची सालं निघायची वेळ आली, पण वर बघितलं नाही. झटक्यानंतर नवऱ्याचा हा हुकमी आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. पुन्हा बंद पडला तर, अशी त्यांना भीती वाटत होती.

"आता बघ, लायनर मागच्या पत्र्याला टेकतो तिथे पत्रा चमकतोय?"

"चमकतोय."

"तिथूनच येतोय आवाज. डबीतलं ब्रेकचं ग्रीस लाव, तांदळाच्या दाण्याएवढं. लायनरला मात्र शिवू नकोस."

दुसरं चाक त्या मानानं लवकर झालं. हात धुऊन कमलिनीबाई एकट्याच गाडी घेऊन गल्लीला फेरी मारून आल्या. चार वेळा ब्रेक दाबला. कुणी वळून बघितलं नाही. त्यांनी हसतच गाडी फाटकाशी आणून उभी केली.

"गेला आवाज," कृष्णकांत म्हणाले. "गिऱ्हाइकाला दाखवायला बरं."

कमलिनीबाईंना राग आला, चांगलाच आला.

"गिऱ्हाइकासाठी नाही मी ग्रीसमध्ये हात घातले. तुमच्यासाठी घातले. आवाज गेला, आता घरात बसून राहायला तुम्हाला कारण उरलेलं नाही. येताय की नाही, तेवढं सांगा."

कृष्णकांत उठले. काठी टेकत आले ते सरळ कमलिनीबाईंच्या, म्हणजे चालकाच्या बाजूच्या दाराशी. उभ्या जन्मात त्यांनी या गाडीचं दुसरं दार स्वतःसाठी उघडलं नव्हतं. झटक्यानंतर त्यांना धरून बसवत, तेव्हाही ते डोळे मिटून घेत. आता दाराशी उभे राहून ते स्टिअरिंगकडे बघत राहिले. कमलिनीबाईंना वाटलं, उतरावं, यांना क्षणभर तरी तिथे बसू द्यावं. पण त्या उतरल्या नाहीत. डोळे भरून आले तरी समोर बघत, स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिल्या.

मग काठी हलली. कृष्णकांत बॉनेटला वळसा घालून निघाले, पाय ओढत, मध्ये एकदा थांबून, पण एकटे. डाव्या हातानं त्यांनी दार उघडलं आणि कुणी न धरता आत बसले. कमलिनीबाईंनी त्यांचा पट्टा लावला.

"कुशलला सांग, गिऱ्हाईक आणू नको," ते म्हणाले. "आणि पुढच्या वळणावर ब्रेक जरा जोरात दाब. बघू दे तुझं काम."